रुसायला जागा हवी

टीव्हीवरच्या कुठल्याही विनोदी मालिकेतला एक भाग आठवून पाहा. नवरा थापाड्या आहे, चिक्कू आहे किंवा बढाईखोर आहे. पहिल्या दोन मिनिटांत त्याचा हा दोष आपल्याला कळतो. त्या दोषापायी तो बायकोशी खोटं बोलतो, ते झाकायला आणखी एक खोटं रचतो, आणि भाग संपत आला की सगळं उघडं पडतं. बायको भडकते, अबोला धरते, बॅग भरायला घेते. शेवटी तो कान पकडतो, तिला हसू येतं, आणि पुढच्या आठवड्यात दोघं पुन्हा पहिल्याच जागी उभी असतात. भाषा आणि देश बदलले तरी हा सांगाडा फारसा बदलत नाही.

अशा भागाबद्दल बोलताना आपण नायकाबद्दलच बोलतो. त्याची फजिती, त्याचे हावभाव, त्याची वाक्यं आपल्या लक्षात राहतात. मला मात्र वाटतं, की हा सगळा विनोद पेलून धरते ती रुसणारी बायको. तिला रुसता आलं पाहिजे, आणि रुसून जायला तिला कुठंतरी जागा पाहिजे. ती जागा असेल तर नवऱ्याचे दोष हसण्यावारी नेता येतात. नसेल तर तीच गोष्ट शोकांतिका होते, नाहीतर क्रूर थट्टा. हे नीट समजून घ्यायचं तर अमरावती जिल्ह्यातल्या तिवसा तालुक्यापासून सुरुवात करावी, कारण रुसलेल्या बायकोची महाराष्ट्रातली सगळ्यांत प्रसिद्ध कथा ज्या लेकीची आहे, तिचं माहेर याच तालुक्यात आहे.

कौंडण्यपूरची लेक

तिवसा तालुक्यात वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर आहे. पुराणातलं कुंडिनपूर, म्हणजे विदर्भराज भीष्मकाची राजधानी आणि रुक्मिणीचं माहेर, ते हेच अशी इथली परंपरा सांगते. १९६०च्या दशकात पुरातत्त्वज्ञ मोरेश्वर दीक्षित यांनी इथं उत्खनन केलं आणि गावाचं प्राचीनपण मातीतूनही पुढं आलं. दर आषाढीला इथून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते. संत सदाराम महाराजांनी १५९४ साली ही वारी सुरू केली, असं मानलं जातं.

रुक्मिणीचं लग्न भावाच्या इच्छेविरुद्ध झालं. रुक्मीला तिला शिशुपालाला द्यायचं होतं. तिनं कृष्णाला पत्र पाठवलं, कृष्ण आला आणि देवीच्या देवळातून तिला घेऊन गेला. पाठलाग करणाऱ्या रुक्मीचा पराभव झाला, त्याला विद्रूप केलं गेलं. बहिणीला परत आणल्याशिवाय कुंडिनपुरात पाऊल ठेवणार नाही असा त्याचा पण होता, म्हणून तो भोजकट नावाचं नगर वसवून तिथंच राहिला. हे भोजकट अमरावतीजवळच्या भातकुलीशी जोडलं जातं. थोडक्यात, या मुलीला माहेरचा रस्ता सरळ उरला नव्हता.

आता भागवताच्या दशम स्कंधातला साठावा अध्याय पाहू. द्वारकेच्या महालात रुक्मिणी कृष्णाला वारा घालते आहे, आणि कृष्णाला थट्टा सुचते. तो म्हणतो, एवढे मोठमोठे राजे तुला मागणी घालत होते, त्यांना सोडून तू माझ्यासारख्याला का निवडलंस? अजूनही तुझ्या तोलाचा एखादा राजा शोध. त्याला वाटलेलं असतं, की ही चिडेल, भुवया चढवेल, चार शब्द सुनावेल आणि आपल्याला ते पाहायला मिळेल. घडतं भलतंच. रुक्मिणीच्या हातातला पंखा गळून पडतो आणि ती बेशुद्ध होते. कृष्णाची धांदल उडते. तो तिला उचलतो, डोळे पुसतो, थट्टा केली म्हणून समजूत घालतो, आणि प्रियेबरोबर हसण्याखेळण्यात वेळ जावा हाच संसारातला मोठा लाभ असंही सांगतो.

नवऱ्याचा विनोद कसा फसतो, याचं इतकं बारकाईचं वर्णन जुन्या वाङ्मयात क्वचितच सापडेल. भागवतकार याचं कारण तिच्या अनन्य भक्तीत पाहतात. मला त्याबरोबर आणखी एक कारण दिसतं. जिच्या पाठीशी माहेर नाही, तिला ‘दुसरा शोध’ हे वाक्य गमतीचं वाटणार कसं? लटका राग धरायलाही पायाखाली जमीन लागते.

पंढरपूरच्या परंपरेतली रुक्मिणी वेगळी आहे. कृष्णाजवळ राधेला बसलेली पाहून ती रुसते आणि घर सोडून दिंडीरवनात येऊन बसते. या वेळी शोधायला त्याला यावं लागतं. तो येतो आणि पुढं पुंडलिकाच्या विटेवर उभा राहतो. आजही पंढरपुरात दोघांची देवळं वेगळी आहेत, आणि त्याचं कारण विचारलं की लोक तिच्या रुसव्याकडंच बोट दाखवतात. ही कथा सांगताना कीर्तनात हशा पिकतो, तो देवावर. कारण चूक त्याची आहे, आणि ती ताठ मानेनं आपल्या जागी बसली आहे.

जनाबाईची गोष्ट तर टीव्हीच्या भागासारखीच रचलेली आहे. विठ्ठल रात्री जनीकडं दळायला जातो. पहाटे काकडआरतीची वेळ होते, तो घाईनं निघतो आणि आपला शेला समजून जनीची वाकळ अंगावर घेऊन देवळात येतो. गळ्यातलं पदक तिच्याकडंच राहतं. वस्तूंची अदलाबदल, उघडं पडलेलं गुपित आणि जाब विचारणारी बायको असं सगळं साहित्य इथं हजर आहे. जात्यावरच्या ओव्यांमध्ये बायकांनी रुक्मिणीच्या तोंडून विठ्ठलाला किती प्रकारे धारेवर धरलंय, त्याला गणती नाही. पण याच कथेत पदकाच्या चोरीचा आळ जनीवर येतो आणि तिला सुळापाशी नेतात. जिला राणीचा मान नाही की माहेरचं पाठबळ नाही, तिच्यापाशी येताच विनोद एकदम थांबतो. तिची सुटका व्हायला सुळाचं पाणी व्हावं लागतं.

वरदेच्या काठची राजकन्या

कालिदासाचं ‘मालविकाग्निमित्र’ हे पाच अंकी नाटक म्हणजे दोषी नायकाच्या ताणलेल्या संसाराची आपल्याकडची फार जुनी सुखात्मिका. नायक विदिशेचा राजा अग्निमित्र. थोरली राणी धारिणी, धाकटी इरावती, आणि राजाचं मन जडतं दासीच्या वेशात राहणाऱ्या मालविकेवर. ही मालविका विदर्भाची राजकन्या आहे. नाटकाच्या शेवटी विदर्भाचे दोन भाग होतात आणि दोन भावांमधली सीमा ठरते वरदा नदी. वरदा म्हणजे आपली वर्धा, कौंडण्यपूरच्या घाटाखालून वाहणारी.

नाटकातल्या क्लृप्त्या आजच्या लेखकालाही उपयोगी पडतील अशा आहेत. धारिणी मालविकेला कोठडीत टाकते आणि नागमुद्रेची आपली अंगठी दाखवल्याशिवाय तिला सोडायचं नाही असा हुकूम देते. मग विदूषक गौतम साप चावल्याचं सोंग करतो, उपचारासाठी नागाचं चिन्ह हवं म्हणून नेमकी तीच अंगठी मिळवतो आणि मालविकेला सोडवतो. राजा तिच्याबरोबर असताना इरावती येऊन ठेपते. आता राजाचं काही खरं नाही असं वाटत असतानाच माकडाला घाबरून लहानगी राजकन्या रडत असल्याची बातमी येते आणि सगळे तिकडं धावतात. अडचणीच्या शिखरावर नेऊन बाहेरच्या गडबडीनं सुटका करायची ही युक्ती आजही दर आठवड्याला वापरली जाते.

पण दोन्ही राण्यांच्या वाट्याला आलेला राग सारखा नाही. धारिणीचा भाऊ सीमेवरच्या किल्ल्याचा अधिकारी, मुलगा विजयी वीर, अंगठी आणि कोठडी तिच्या हातात. राजा तिला वचकून असतो आणि त्याच्या त्या धाकाचं आपल्याला हसू येतं. इरावतीकडं नुसता संताप आहे. ती कमरेची मेखला उगारते, राजा तिच्या पायावर डोकं ठेवतो, ती निघून जाते. शेवटच्या अंकात ती समोर येतच नाही. तिच्या दासीकडून नमतं घेतल्याचा निरोप तेवढा येतो. धारिणीच्या प्रसंगात मोकळं हसणारा आजचा वाचक इरावतीपाशी जरा अस्वस्थ होतो, आणि ते बरोबरच आहे.

दोष हसवतो कधी, रडवतो कधी

ॲरिस्टॉटलनं सुखात्मिकेची मर्यादा मोजक्या शब्दांत घातली आहे: हास्यास्पद दोष असा असावा, की त्यानं कुणाला वेदना होऊ नये आणि कुणाचा नाश होऊ नये. भरताच्या नाट्यशास्त्रात हास्य हा शृंगारातून निघणारा रस आहे. शृंगाराची नक्कल झाली की हास्य होतं, असं तिथं म्हटलं आहे. विनोदी मालिका पुन्हा पुन्हा नवरा-बायकोकडंच का वळतात, याचं हे जुनं आणि समर्पक स्पष्टीकरण. प्रेमातली आर्जवं, शपथा आणि मनधरणी जरा वाकड्या केल्या, की त्याच हसवू लागतात. १९०० साली ‘हास्य’ हा ग्रंथ लिहिणाऱ्या फ्रेंच विचारवंत आंरी बर्गसाँनं याला आणखी एक बाजू जोडली. त्याच्या मते माणूस यंत्रासारखा ताठर झाला, परिस्थिती बदलली तरी त्याच वळणानं वागत राहिला, की तो हास्यास्पद होतो. म्हणून विनोदी नायक सुधारत नाही. चिक्कू माणूस उदार झाला तर मालिकाच संपेल.

पण एकच दोष एका घरात हसवतो आणि दुसऱ्या घरात रडवतो, असं का होतं? याचं उत्तम उदाहरण मराठी रंगभूमीवरच आहे. राम गणेश गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ १९१९ साली, त्यांच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांनी, बडोद्याला गंधर्व नाटक मंडळीनं पहिल्यांदा रंगमंचावर आणलं. या नाटकात दारुडे दोन आणि संसारही दोन आहेत: सुधाकर-सिंधू आणि तळीराम-गीता. व्यसन एकच, तरी तळीराम-गीतेची भांडणं चालू असताना प्रेक्षागृह हसतं आणि सिंधूच्या घरात डोळे पुसतं.

एरवी याचं श्रेय तळीरामाच्या तोंडच्या चुरचुरीत भाषेला देतात. तेही खरं आहे. पण गीतेकडं पाहा. ती उलट बोलते, नवऱ्याला तोंडावर सुनावते, त्याच्या दारूला दारू म्हणते. सिंधूला माहेर आहे आणि न्यायला आलेला भाऊ पद्माकरही आहे, पण ती जायचं नाकारते. स्वतः दळण-कांडण करून नवऱ्याचं घर धरून राहते आणि रुसण्याचा हक्क आपणहून सोडून देते. त्या क्षणापासून सुधाकरच्या व्यसनाला बांध उरत नाही आणि नाटक शोकांतिकेच्या उताराला लागतं. गडकऱ्यांनी हे दोन संसार शेजारी ठेवून विनोदाची सीमारेषाच आखून दिली आहे.

वऱ्हाडी बोलीतली थोर कादंबरी म्हणजे उद्धव शेळके यांची ‘धग’, १९६० साली आलेली. तिच्यातला महादेव आळशी, बेभरवशाचा, मनानं कच्चा. विनोदी मालिकेच्या नायकाला लागणारे सगळे दोष त्याच्याकडं आहेत. पण कौतिकला रुसायलाही फुरसत नाही. ती थांबली तर चूल थांबेल. म्हणून महादेवचे तेच दोष तिथं पानोपानी चटके देतात.

तीन कॅमेरे आणि ऐकणाऱ्याचा चेहरा

टेलिव्हिजननं या जुन्या सांगाड्याला दोन गोष्टी दिल्या: ऐकणाऱ्याचा चेहरा, आणि दर आठवड्याला कोरी होणारी पाटी.

१९५१ साली अमेरिकेत ‘आय लव्ह लूसी’ सुरू झाली. लूसिल बॉल आणि देसी आर्नाझ हे खऱ्या आयुष्यातलं जोडपं त्यात नवरा-बायको होतं, आणि इथं दोषी नायक होती बायको. तिला काहीही करून नवऱ्याच्या कार्यक्रमात रंगमंचावर यायचं असतं. ही मालिका प्रेक्षकांसमोर, एकाच वेळी तीन फिल्म कॅमेरे लावून चित्रित होत असे. छायाचित्रणकार कार्ल फ्रॉइंड यांनी ती व्यवस्था बसवली. तिचा फायदा असा, की एकजण थाप मारत असताना ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर त्याच क्षणी काय उमटतं, तेही टिपलं जातं. विनोदाची पावती दुसऱ्या पात्राच्या नजरेत मिळते. थाप मारणारा कितीही भन्नाट असला, तरी ‘हे मला कळलंय’ असं सांगणारे समोरचे डोळे नसतील तर प्रेक्षक मोकळेपणी हसत नाही.

१९५५-५६ मधली ‘द हनीमूनर्स’ ही ३९ भागांची मालिका याचा दाखला आहे. जॅकी ग्लीसनचा बसचालक राल्फ मोठमोठ्या बाता मारतो, पैसे बुडवतो, आरडाओरडा करतो. ऑड्री मेडोजची ॲलिस हातांची घडी घालून शांतपणे त्याच्याकडं बघत राहते. घरात तिचाच शब्द खरा ठरणार हे त्यालाही ठाऊक असतं, आणि भागाच्या शेवटी तो तिला मिठीत घेऊन तिचं मोठेपण कबूल करतो. त्यात राल्फ तिला मारण्याच्या पोकळ धमक्या देत असे. तेव्हा लोक त्यावर हसले. आज ते हसू घशात अडकतं. ॲलिस कितीही निर्भय असली तरी त्या धमक्या खऱ्या ठरणारी घरं आपल्या आसपास आहेत, आणि प्रेक्षकाला आता ते विसरता येत नाही.

दर आठवड्याच्या कोऱ्या पाटीमागं साधं व्यावहारिक कारण होतं. एखादा भाग चुकला तरी पुढचा कळला पाहिजे, आणि भाग कुठल्याही क्रमानं पुन्हा दाखवता आले पाहिजेत. म्हणून प्रत्येक भागात तक्रार उभी राहायची आणि मिटायची. मागच्या आठवड्यातली थाप या आठवड्याच्या हिशेबात धरली जात नसे. मराठीत ही रीत ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’नं आणली. चिं. वि. जोशी (१८९२–१९६३) यांच्या कथांवरची ही मालिका १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई दूरदर्शनवर लागत असे. दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. मूळ कथांमध्ये चिमणराव स्वतःच गोष्ट सांगतो. त्याचा भित्रेपणा आणि शहाणपणाचा आव त्याच्याच वाक्यांतून निसटत राहतो, त्याला मात्र पत्ता नसतो. पडद्यावर हे काम भोवतालच्या माणसांकडं येतं. बायको काऊ आणि आडदांड गुंड्याभाऊ यांच्याकडं पाहून आपल्याला चिमणरावाची खरी उंची कळते. वऱ्हाडात मात्र त्या वर्षांत मुंबईचं प्रक्षेपण पोहोचतच नव्हतं. इथल्या वाचकांनी चिमणराव ओळखला तो पुस्तकांतून.

पुढं उपग्रह वाहिन्या आल्या. २००१च्या सुमारास अल्फा मराठीवर आलेली ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ आजही लोकांना जवळची वाटते. तिच्यात दोष एकट्या नायकाच्या माथी मारलेले नाहीत. आजोबांपासून नातवंडांपर्यंत प्रत्येकाला थोडा थोडा वाटा मिळाला आहे, आणि प्रत्येकाला रुसायची पाळीही मिळते.

राधिकेची बाजू

रोजच्या मालिका आल्या आणि ही कोरी पाटी गेली. आठवड्यातले सहा दिवस, वर्षानुवर्षं एकच कथा चालली, की नायकाची कालची थाप उद्याही जिवंत असते. झी मराठीवर २०१६ ते २०२१ या काळात चाललेली ‘माझ्या नवऱ्याची बायको’ हे याचं ठळक उदाहरण. अभिजीत खांडकेकर यांचा गुरुनाथ सुभेदार घरी बायको-मुलगा असताना शनायाच्या प्रेमात पडतो. तिच्यासाठी तो ‘गॅरी’ असतो. ही दोन नाती सांभाळताना उडणारी त्याची तारांबळ हा सुरुवातीचा विनोद. पण थापा पुसल्या जात नाहीत, साचत जातात. काही काळानं प्रेक्षकाला हसण्यापेक्षा हिशेबाची घाई होते.

मालिकेला तारलं ते अनिता दाते यांच्या राधिकेनं. राधिका नागपूरची. मुंबई-ठाण्याच्या सोसायटीत तिच्या बोलण्याला, कपड्यांना, डब्यातल्या मसाल्यांना नाकं मुरडली जातात. गुरुनाथलाही तिची लाज वाटते, आणि हेच त्याच्या दोषाचं खरं मूळ आहे: त्याला आपल्या घरापेक्षा वरचं कोणीतरी व्हायचंय. राधिका आधी त्याला वाचवू पाहते, मग धडा शिकवू पाहते, आणि शेवटी स्वतःच्या मसाल्यांचा उद्योग उभा करते. जुन्या गोष्टीतली बायको बॅग भरून माहेरी जायची. राधिकेला जायला जी जागा मिळाली, ती तिच्या कमाईची. तिथं उभं राहून तिला गुरुनाथकडं पाहून हसता आलं आणि तिच्याबरोबर आपल्यालाही. शनायाला मात्र लेखकांनी ती जागा फार उशिरापर्यंत दिली नाही. तिचं अज्ञान आणि तिची हाव एवढ्यावरच हशा मिळवला. तिची बाजूही मालिकेनं अधिक गांभीर्यानं घ्यायला हवी होती.

राधिकेच्या बोलीकडं वऱ्हाडातल्या माणसानं विशेष लक्ष द्यावं. ती नागपूरकडची होती, तिवसा-मोर्शीकडची नव्हे, पण कानाला ओळखीची वाटली. मराठी विनोदी गद्याचा पाया घालणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर वऱ्हाडातच वकिली करत होते, आणि ‘सुदाम्याचे पोहे’ लिहिणारा हा माणूस इथला असूनही मराठी विनोद पुढं प्रमाण भाषेतच वाढला. इथली बोली नाटक-सिनेमात बहुतेक वेळा गडी, शिपाई, खेडवळ पाहुणा यांच्या तोंडी आली. म्हणजे बोलणाऱ्याच्या दोषातला एक दोष म्हणून ती वापरली गेली. अमरावतीच्या भारत गणेशपुरे यांनी २०१४ पासून ‘चला हवा येऊ द्या’मध्ये तिला घरोघरी पोहोचवलं. त्यांच्या तोंडी ती सहज, हुशार आणि रुबाबदार वाटते. राधिकेनं पुढचं पाऊल टाकलं. अन्याय झालेल्या, आणि बरोबर असलेल्या बाईची ती भाषा झाली. हसू तिच्या भाषेवरून सरकून तिला नाकं मुरडणाऱ्यांकडं गेलं.

विनोदी कार्यक्रमांमध्ये याच्या उलट चाललेली एक गोष्ट मला सलते. कितीतरी छोट्या प्रहसनांत बायकोचं काम साडी नेसलेला पुरुष करतो. पुरुषानं स्त्रीभूमिका करणं आपल्याकडं जुनं आहे आणि बालगंधर्वांसारख्यांनी ती कलेच्या शिखरावर नेली. इथं मात्र हशा येतो तो साडीतल्या मिशीवाल्या देहाला. ती बायको काय म्हणते, तिची तक्रार काय, हे कुणाला आठवतही नाही. रुसणारी व्यक्तीच उरली नाही तर नवऱ्याचा दोष कोणासमोर उघडा पडणार?

तिवस्यातला एक भाग रचून पाहू

समजा, तिवस्याच्या बसस्टँडजवळ एकाचं कृषी केंद्र आहे. नाव वसंता. दोष एकच, मोठेपणाची हौस. कुणी ‘दादा’ म्हणून हार घातला की याला नाही म्हणता येत नाही. बायको सुमन, माहेर नदीपलीकडं आर्वीला. तिच्या भाचीचं साक्षगंध रविवारी, आणि यानं त्याच दिवशी कबड्डीच्या अंतिम सामन्याचं प्रमुख पाहुणेपण स्वीकारलंय. आता हा काय करणार? आर्वीची बस बंद असल्याची थाप ठोकणार.

“बस बंद हाये म्हंतात, आर्वीची.”

“कोनं सांगतलं तुमाले? आत्ताच त गेली दारासमोरून.”

मग याचा ताप. मग दुकानावर अचानक तपासणी. सुमन औषध आणायला बाहेर पडते आणि चौकात बारा फुटी फ्लेक्स बघते: हात जोडलेला नवरा, हसरा फोटो, आजची तारीख. जनीच्या वाकळीनं किंवा धारिणीच्या अंगठीनं जे काम केलं, ते इथं फ्लेक्सकडं आलं आहे. गुपित फोडणारी वस्तू नायकाच्या दोषातूनच जन्मली पाहिजे, हा या रचनेचा पहिला नियम. फ्लेक्स त्याच्या हौसेनंच लागला, म्हणून तो पटतो.

आता सुमननं काय करावं, इथं लेखकाची परीक्षा आहे. ती घरी येऊन आदळआपट करेल, तो गयावया करेल आणि दोघं हसतील, हा सोपा रस्ता. दुसरा रस्ता असा:

“मी जातो आपल्या मायच्या घरी. तुमी घ्या हारतुरे.”

असं म्हणून ती बसमध्ये बसते. कुऱ्हा मागं पडतं, कौंडण्यपूर येतं, नदी ओलांडली जाते. इकडं व्यासपीठावर सूत्रसंचालक ‘दादांनी सपत्नीक सत्कार स्वीकारावा’ असं पुकारतो आणि वसंताच्या शेजारची खुर्ची मोकळी असते. सगळ्या गावासमोर त्याचा मोठेपणा त्या रिकाम्या खुर्चीपाशी अडतो. आता त्याला उठून आर्वी गाठावीच लागणार, आणि तिथं साक्षगंधाच्या गर्दीत सासुरवाडीच्या माणसांसमोर बायकोची मनधरणी करावी लागणार.

दुसऱ्या रस्त्यात हशा जास्त आहे, आणि त्याचं कारण सरळ आहे. सुमननं जागा सोडली म्हणून वसंताला हलावं लागलं. विनोदाला लागणारी धावपळ तिच्या निर्णयातून निर्माण झाली. आणि या गर्दीत, भाचीच्या हातावरची मेंदी बघत बसलेली सुमन सुखात आहे हे प्रेक्षकाला दिसत असल्यामुळं वसंताची फजिती त्याला बिनघोर पाहता येते. ॲरिस्टॉटलची वेदना न होण्याची अट अशी पाळली जाते: दोष कमी करून नव्हे, जिला त्याची झळ बसते तिला बळ देऊन.

आज वऱ्हाडातली कितीतरी पोरं-पोरी मोबाइलवर आपल्या बोलीत छोटे विनोदी भाग चित्रित करतात. शेतात, ओट्यावर, घरच्याच माणसांना उभं करून. त्यांच्याकडं बोली अस्सल आहे, निरीक्षण तीक्ष्ण आहे आणि वेळेचं भान उपजत आहे. मोठ्या वाहिन्यांना जे हवं असतं ते त्यांच्या हाताशी आहे. त्यांना माझं मनापासून सांगणं एवढंच, की नवऱ्याची थाप लिहून झाली की लेखणी खाली ठेवू नका. ती थाप ऐकणारी कोण आहे, तिला काय हवं होतं, आणि ती उठून गेली तर कुठं जाईल, या तीन प्रश्नांची उत्तरं आधी मिळवा. माहेर असेल, नोकरी असेल, बचत गटातल्या मैत्रिणी असतील, नाहीतर स्वतःचं शिलाई मशीन. ते उत्तर सापडलं, की नायकाला हवा तितका खोटारडा, हवा तितका बढाईखोर करा. प्रेक्षक पोट धरून हसेल, आणि हसून झाल्यावर त्याला स्वतःची लाज वाटणार नाही.